आळीच्या तोंडाचा बांबू

बांबूची दोरी माझ्या हातात होती, हे आधीच सांगून टाकतो. असल्या गोष्टी सांगताना लोक 'आम्ही' म्हणतात, म्हणजे पाप वाटून घेता येतं. मी 'मी' म्हणणार आहे.

मी मूळचा केजकडचा. दोन हजार सहा साली चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला लागलो आणि दापोडीत खोली शोधत हिंडत होतो. खोली मिळवून दिली हनीफनं. त्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आमच्या आळीच्या आतल्या टोकाला, रेल्वेच्या भिंतीला लागून, आणि वर घर. त्याच्या तीन पिढ्या इथल्या, मी कालचा. पहिले दोन महिने जेवलो ते त्याच्याच घरी. मी माळकरी घरचा म्हणून त्याची आई, शमीमखाला, माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात डाळ करायची आणि हनीफला दटावायची, "उसके बर्तन को हाथ नको लगा, बामन का बच्चा है." मी बामण नाही हे तिला चौदा वर्षांत पटलं नाही.

गॅरेजात टायरांच्या रॅकवर टीव्ही होता. मॅच म्हटली की अख्खी आळी तिथे. हनीफचा एक नियम होता : आपली बॅटिंग रंगात आली की कुणी जागा सोडायची नाही. पाय आखडो, लघवी लागो, घरी सासरा येवो, हलायचं नाही. हललास की विकेट गेली आणि ती तुझ्या नावावर. दोन हजार अकराच्या फायनलला मी पालथ्या बादलीवर बसलो होतो, माझ्या शेजारच्या खोलीतला गणराज बॅटरीच्या खोक्यावर, आणि एकुलत्या एका खुर्चीवर दौलतराव. दौलतराव म्हणजे आळीतल्या निम्म्या खोल्यांचे मालक, जुन्या गाववाल्यांपैकी. दारात गिऱ्हाईक हॉर्न वाजवून थकलं, पण हनीफ उठला नाही. पाकिस्तानशी मॅच असली की तो सकाळीच गॅरेजवर झेंडा लावायचा आणि पहिला फटाका त्याचाच. त्याला हे सगळ्यांच्या आधी का करावं लागतं, असा प्रश्न आमच्यापैकी एकालाही कधी पडला नाही.

मग वीस साल आलं. कंपनी बंद, चाकणची बस बंद, चोवीस तास घरात. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं आम्ही आळीच्या तोंडाशी बांबू बांधला. 'प्रवेश बंद' अशी पाटी लावली. मॅच बघणारी टोळी तीच पहाऱ्यावर. दोरी सोडायची-बांधायची माझ्याकडे, कारण माझी गाठ घट्ट.

पहिल्या आठवड्यात हनीफही आमच्याबरोबर पहाऱ्याला बसायचा. मग मोबाईलवर ते व्हिडिओ यायला लागले. कुठल्या गावचे, कुठल्या सालचे, देव जाणे. 'हे लोक मुद्दाम कोरोना पसरवतात.' गणराज ते मोठ्यानं वाजवायचा, हनीफ समोर असला की जरा हळू. एके दिवशी दौलतराव म्हणाले, "हनीफ, तू घरीच ऱ्हा बाबा काही दिवस. मला काय न्हाई, पन लोक बोलत्यात." ते लोक म्हणजे आम्हीच. हनीफ उठून गेला. त्याच संध्याकाळी आमच्या मॅचच्या ग्रुपमधून त्याला काढलं. ॲडमिन मी होतो. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

एप्रिलात टीव्हीवर जुन्या मॅचेस दाखवायला लागले. अकराची फायनल दाखवणार म्हटल्यावर दौलतरावांनी आपला टीव्ही रस्त्याकडच्या खिडकीत आणून ठेवला आणि स्वतः आत गादीवर बसले. आम्ही बाहेर, बांबूपाशी. गणराज म्हणाला, त्या दिवशीसारखंच बसायचं. मी बादली आणली, त्यानं कुठून तरी खोकं आणलं. हनीफची जागाही ठेवली. तिथे एक जुना टायर ठेवला, कारण जागा मोडली तर अपशकुन. हसू नका. माणसाला आम्ही हाकललं होतं, जागा सांभाळून होतो.

चार-सव्वाचार झाले असतील. आपल्याला थोड्याच धावा हव्या होत्या. नऊ वर्षांपूर्वीची मॅच, प्रत्येक बॉल पाठ, तरी छातीत धडधडत होतं. तेवढ्यात आतून हनीफचा टेम्पो आला, तो पार्ट आणायचा तीनचाकी. मागे खाला आडवी, डोकं हनीफच्या बायकोच्या मांडीवर. खालाचा श्वास लांबूनही ऐकू येत होता.

"जयदीप, दोरी सोड लवकर," हनीफ ओरडला. "अम्मीला दम लागलाय. पिंपरीला न्यायचंय."

मी बादलीवरून अर्धवट उठलो. हे खरं आहे, मी उठलो होतो.

"बस, बस खाली!" गणराज ओरडला. "दोन ओव्हर राहिल्यात." मग हनीफकडे बघत, "आणि इथून कशाला? आमच्या अंगावरून नेणार का? खोकतीये ती."

"खोकत नाहीये. तिला दमा आहे, तुला माहितीये गण्या."

खिडकीतून दौलतराव बोलले. उंटावरून शेळ्या हाकायची सवय जुनी. "हनीफ, भिताडाच्या कडंनं ने. तिकडून निघंल टेम्पो. हितं लेकरंबाळं हायती. उद्या काय निघालं तर म्युन्सिपाल्टी पत्रं ठोकील आळीला."

हनीफनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता. टीव्हीवर लोक ओरडत होते. दोरी माझ्या उजव्या हाताला, एक हिसका दिला तर सुटली असती. दहा सेकंदांचं काम. मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, गणराज ग्रुपवर टाकेल, 'जयदीपनं सोडलं.' वाटलं, खोली दौलतरावांची आहे. आणि खोल कुठेतरी हेही वाटलं की व्हिडिओत दाखवतात त्यातलं थोडं खरं असलं तर? ज्या बाईनं माझं ताट वेगळं जपलं, तिच्याबद्दल मला हे वाटलं.

"भिंतीकडून जा ना हनीफभाऊ," मी म्हणालो, "दोनच मिनिटं जास्त लागतील." आणि बादलीवर बसलो.

त्यानं टेम्पो वळवला. अरुंद जागेत मागेपुढे करत वळवावा लागला आणि प्रत्येक हिसक्याला खाला कण्हत होती. एवढ्यात शेवटचा षटकार बसला. गणराज नाचला. मीही टाळ्या वाजवल्या. माझे हात वाजवत होते, मी बघत होतो.

भिंतीकडचा रस्ता पलीकडच्या आळीत निघतो, आणि त्या आळीच्या तोंडालाही बांबू होता. हे मला माहीत नव्हतं, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलो. तिथल्या पोरांनी तर टेम्पोवर दगड उगारला. अर्ध्या-पाऊण तासानं हनीफ पुन्हा आमच्याकडे आला तेव्हा मॅच संपली होती, टीव्ही बंद होता, आणि मी न विचारता दोरी सोडली. मागे बघायची हिंमत झाली नाही. आता खालाचा आवाज येत नव्हता.

हॉस्पिटलच्या फाटकातच संपलं म्हणे. दफनाला पाच माणसांना परवानगी होती. ते पाच जण आळीतून निघाले, ते आम्ही गॅलरीतून पाहिलं, तोंडाला रुमाल बांधून. चार दिवसांनी रिपोर्ट आला. कोरोना नव्हता. ते कळल्यावर दौलतराव म्हणाले, "चला, आळी वाचली." त्या संध्याकाळी मी घरात रडलो. बायकोनं कारण विचारलं. कंपनी सुरू होईना म्हणून, असं सांगितलं.

कंपनी सुरू झाली. बांबू निघाला. हनीफनं गॅरेज उघडलं, माझी गाडीही तो दुरुस्त करायचा, ब्रेक कसा आहे एवढंच विचारायचा. टीव्ही मात्र रॅकवरून उतरला. आळी आता दोन ठिकाणी मॅच बघते. त्यांची पोरं त्यांच्यात, आमची आमच्यात, आणि दोन्हीकडे एकाच टीमसाठी ओरडतात.

तेवीसच्या वर्ल्ड कपची फायनल आली तेव्हा गणराजला जुने दिवस आठवले. "हनीफच्या गॅरेजातच बघू राव. तूच जा, तुझं ऐकतो तो." मी गेलो. सकाळची वेळ होती, हनीफ एका चाकाच्या तारा ताणत बसला होता. फायनलचं माझ्या तोंडून निघालंच नाही. तीन वर्षं अडकलेलं बाहेर आलं.

"हनीफभाऊ, त्या दिवशीचं... मला माफ कर. मॅच चालू होती. शेवटच्या ओव्हर होत्या, आणि तुझाच नियम की जागा सोडायची नाही. डोकं ठिकाणावर नव्हतं रे."

त्यानं चाक फिरवून पाहिलं, हातानं थांबवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"जयदीप," तो म्हणाला, "ती मॅच आपण जिंकलेली होती."

त्यानं एक तार आणखी ताणली.

"तू उठला असतास, तरी जिंकलेलीच होती."