डावीकडच्या चार खिडक्या

चर्चचं विद्यापीठाने वाचनालय केलं तेव्हा क्रूस गेला, बाकं गेली, घंटाही गेली. राहिली ती झाडलोट करणारी, सगळ्यांची आत्या आणि तिची आकडीची काठी.

चाळीस वर्षं तिचा एकच नेम. सकाळी लादी पुसायची, मग काठीने वरच्या आठ खिडक्या उघडायच्या. दोन तास वारा खेळला की लावून घ्यायच्या. सासूने शिकवलेलं. नव्या ग्रंथपालांनी एसी बसवला आणि खिडक्या रबराच्या पट्ट्या ठोकून बंद केल्या. दोन महिन्यांत दगडी भिंतीलगतच्या पुस्तकांना बुरशी धरली.

"तुमच्या ओल्या फडक्याने पुस्तकं कुजली," ग्रंथपाल सगळ्यांदेखत म्हणाले. "शनिवारी किल्ली जमा करा."

"दगडाला घाम फुटलाय, साहेब. खिडक्या उघडा."

"दगडाला घाम! किती शिकलात हो तुम्ही?"

"दुसरी. तुम्ही एवढे शिकलात, भिंतीला कधी हात लावलात?"

काउंटरवर पुस्तकं देणारी तिची सून लाजेने अर्धी झाली. घरी म्हणाली, "अहो आई, कशाला तोंड चालवता? माझीही नोकरी आहे तिथे."

"तू तुझी नोकरी कर. मी जाईन तर जाईन, पण पुस्तकं कुजवल्याचा ठपका घेऊन त्या दारातून बाहेर पडणार नाही."

सोमवारी आत्याने फडकं वाळत टाकलं ते टाकलंच. नुसता केर काढला. डावीकडच्या चार खिडक्यांचं रबर कापलं गेलं. वाचक यायच्या आत दोन तास त्या उघड्या राहू लागल्या. उजवीकडच्या चारांना तिने बोटही लावलं नाही.

शनिवारी ग्रंथपालांनी किल्लीसाठी हात पुढे केला. आत्याने तोच हात धरून उजव्या भिंतीला टेकवला. तळवा ओला झाला. मग डाव्या भिंतीला. कोरडी ठणठणीत.

"सहा दिवस लादीला पाण्याचा थेंब नाही. आता बोला."

"रबर कुणाला विचारून कापलंत?"

"मी कापलं, साहेब," सून काउंटरमागून उठली. "यांचे गुडघे शिडीवर चढत नाहीत."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. शाबासकी घरी देता येईल.

ग्रंथपाल रुमालाने हात पुसत राहिले. "उरलेल्या चारांचं बघतो मी."

"बघता काय? रबर माझी सून कापेल, उघडायच्या तुम्ही. सगळ्यांदेखत." तिने काठी त्यांच्या हातात कोंबली. "आधी आकडी कडीत अडकवा, मग ओढा. मी पहिल्या दिवशी तीनदा चुकले होते. तुम्ही शिकलेले, तुम्हाला पाच वेळा माफ."

किल्ली तिच्या कमरेलाच होती.