बारशाच्या दारात चतुराबाईचं नाक

डोंगरकड्याच्या चतुराबाईला राग आला की तिचा आवाज केळीच्या बागेपलीकडं ऐकू जायचा. पण गेल्या दोन वर्षांपासून या बाईला हळू भांडावं लागून राहिलं, आणि ही काय साधी शिक्षा आहे होय!

झालं असं, की तिच्या पोराचं, विजयकुमारचं लग्न लागलं, मांडवात कुणीतरी हौसेनं अत्तर शिंपडलं, आणि नवरी अंगभर लाल होऊन तिथंच आडवी झाली. बायका म्हणाल्या, नाटकं. चतुराबाई म्हणाली, बाहेरचं हाय, आणि तिनं सुनेवरून लिंबू उतरवून टाकलं. पुढं सतरा दवाखाने पालथे घातल्यावर पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हा मास्ट सेलचा विकार. अंगातल्या राखणदार पेशी चोर नसतानाच बोंब ठोकतात. अत्तर, उदबत्ती, बाम, धूर, ऊन, त्यांना कसलंही निमित्त पुरतं. मनाला ताण आला तरी तेच.

"म्हणजे घरात भांडण नको," डॉक्टर चतुराबाईकडं बघून म्हणाला.

"मंग बोलायचं काय?" चतुराबाईनं विचारलं.

तेव्हापासून ती शिव्यासुद्धा अंगाई म्हटल्यासारख्या देते. घरातली उदबत्ती गेली. चतुराबाईच्या लुगड्यांची ट्रंक डांबरगोळ्यांसकट गोठ्याशेजारच्या खोलीत गेली. सुनेचे, पुनमचे कपडे बिनवासाच्या साबणानं वेगळे धुवायला लागले, आणि धुवायची कोण, तर चतुराबाईच. एकाच गोष्टीवर ती अडून बसली. पुनमच्या अंगाला घट्ट कपडा सोसायचा नाही, म्हणून ती घरात सुती गाऊन घालायची.

"दवाई घे, इंजेक्शन घे," सासू गोड आवाजात म्हणायची, "पन ते पोतं घालून चारचौघीत येऊ नको माय. आमच्या घरात बिनपदराची बाई कदी दिसली न्हाई."

मग पुनमला मुलगी झाली. बारशाची तारीख निघाली तेव्हा पुनम सासूला म्हणाली, "मामी, लग्नाच्या मांडवात मी अर्ध्यातच आडवी झाले. डोहाळजेवणात गजऱ्याचा वास आला अन् मला उचलून न्यावं लागलं. लेकीचं बारसं तरी शेवटपर्यंत बसून बघू द्या."

चतुराबाईला ते लिंबू आठवलं. आजारी लेकराला आपण भूत लागलं म्हणालो, हे तिला फार टोचायचं. "बसशील," ती म्हणाली. "नाव ठेवूस्तोर तुला कोन उठवतंय ते मी बघते."

विजयकुमारनं गावातल्या सगळ्यांना मोबाइलवर निरोप धाडला: अत्तर, गजरा, पावडर लावून येऊ नये. निरोप वाचून, ज्या बायकांच्या डोक्यात अत्तर नव्हतं त्यांनाही ते आठवलं.

बारशाच्या सकाळी चतुराबाई दारात उभी राहिली आणि एकेकीला हुंगायला लागली. मान हुंगली, मनगटं हुंगली, अंबाडे हुंगले. गजरे काढून तिनं ओटीत खोचले. मनगटावरचं अत्तर, गालावरची पावडर, सगळं आपल्याच पदरानं खसाखसा पुसलं. पुसेगावहून आलेल्या विहीणबाईंना, म्हणजे पुनमच्या आईला, जिवनबाईला तरी सोडावं! तिच्या डोक्याचं वासाचं तेलसुद्धा पुसून काढलं.

"मी माय हाय तिची," जिवनबाई तणतणली.

"म्हणून तर दोनदा पुसलं," चतुराबाई अगदी हळू, साखर घोळून म्हणाली.

तीसेक बायका आत गेल्या. पाळणा सजला होता, आणि पाळण्याशेजारी खुंटीला औषधाची पिशवी. पुनम लेकीला मांडीवर घेऊन बसली होती, नवी कोरी दिसत होती. चतुराबाई छाती काढून आत आली आणि अगदी तिला खेटून बसली.

पाळणा म्हणायला सुरुवात झाली तोच पुनमच्या गळ्यावर लाल चट्टे उठले. तिनं डोळे मिटले.

"गरम होऊन राहिलं लेकराला!" चतुराबाई घाबरली आणि तिनं पदरानं वारा घालायला सुरुवात केली. चट्टे गालावर आले. तिनं अजून जोरात घातला. "कोन हाय ती? कोनी लावलं अत्तर?" ती गोड आवाजात किंचाळली. असा आवाज गावात कुणी कधी ऐकला नव्हता.

जिवनबाई उठली. तिनं नाक पुढं केलं, हवा हुंगली, आणि चतुराबाईचा हात धरला.

"विहीणबाई, थांबा. पदर."

चतुराबाईनं पदर नाकाला लावला. तिला काहीच वास आला नाही, तीस बायका हुंगून नाक मेलं होतं. पण बाकीच्यांना आला. अख्ख्या गावाचं अत्तर त्या पदरात होतं आणि ओटीत वीस गजरे.

जिवनबाईनं तिला सरळ बाहेर काढलं. विजयकुमारनं खिडक्या उघडल्या, बायकोला गोळी दिली, आणि इंजेक्शन हातात घेऊन तिच्या श्वासावर नजर ठेवून बसला. बाहेर हौदापाशी चतुराबाई रडत होती, मोठ्यानं, दोन वर्षांत पहिल्यांदाच. पुनमला उठवणारी शेवटी मीच निघाले, हेच तिच्या मनात घोळत होतं.

अर्ध्या तासानं चट्टे उतरले. विजयकुमारची बहीण दिपा, म्हणजे बाळाची आत्या, नाव ठेवायला पुढं आली. पुनमनं तिला हातानं थांबवलं.

"मामी आत आल्याबिगर पाळणा हालायचा न्हाई."

आता आली का पंचाईत! चतुराबाईनं डोक्यावरून चार बादल्या ओतून घेतल्या, पण नेसणार काय? तिची सगळी लुगडी डांबरगोळ्यांत. अख्ख्या घरात बिनवासाचा कपडा एकीचाच होता, आणि तो चतुराबाईनं स्वतःच्या हातानं धुऊन दोरीवर टाकला होता.

थोड्या वेळानं दारात चतुराबाई उभी. अंगात निळ्या फुलांचा गाऊन, डोक्याला टॉवेल. सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. जिवनबाईनं तिला उंबऱ्यावर अडवलं, डोक्यापासून पायापर्यंत सावकाश हुंगलं, मान दोनदा हुंगली.

"पदर कुठंय?"

"ह्याला नसतो," चतुराबाई खाली बघत म्हणाली.

"जा आत."

तीस बायका एकदम फुटल्या. कुणी भिंतीला धरलं, कुणी शेजारणीच्या मांडीत तोंड खुपसलं. चतुराबाई हळूच, लाडानं एकेकीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुनमपाशी येऊन बसली. आणि पुनमचा चेहरा पुन्हा लाल झाला. विजयकुमार पिशवी घेऊन धावला, सगळ्यांचं हसू घशातच राहिलं.

"काही न्हाई," पुनम डोळे पुसत कशीबशी म्हणाली. "हसू आलं हो मला."

दिपा पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात ईश्वरी म्हणाली, आणि बायकांनी रीतीप्रमाणं आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. पुनम घुगऱ्या वाटून होईस्तोर बसली. शेजारी चतुराबाईही बसली, तोच गाऊन घालून, चारचौघीत.