कच्चा टाका

सुईच्या नेढ्यातून दोरा पुन्हा निसटला. लाल झगा दोन तुकडे होऊन तिच्या मांडीवर पडला होता, दरवर्षी पडायचा तसाच. चर्चच्या नाटकात तिचा नवरा संत मार्टिन व्हायचा, थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला तलवारीने अर्धा झगा कापून द्यायचा — आणि तलवार लाकडी, म्हणून ती आधीच मधोमध कच्चा टाका घालून ठेवायची... जरा ओढलं की झगा फाटायचा आणि लोक डोळे पुसायचे. टाका घालणारीला कोण विचारतंय!

पण आज कच्चा टाकाही हाताला येत नव्हता. सकाळी नणंद येऊन गेली होती. नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून घर सोडलेली, मैत्रिणीकडे पथारी टाकून राहणारी. हे घर सासऱ्यांचं, म्हणजे निम्मं तिचंच. पण तिने निम्मं मागितलंच नाही.

"वहिनी, ही शिवणाची खोली तेवढी दे. हिच्या दाराला आतून कडी आहे."

जागा आहे कुठे, असं म्हणून भाऊ बायकोकडे बघत राहिला, आणि ती मूग गिळून बसली.

संत म्हणे! खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे... अर्धाच झगा का, असं तिने एकदा फादरना विचारलं होतं. मार्टिन शिपाई, अर्धा झगा सैन्याचा होता, ते हसून म्हणाले होते, स्वतःचा होता तेवढा त्याने सगळा दिला. त्याने निदान आपलं दिलं; इथे जिचं तिला परत करायचं तर तेवढंही होत नाही. यंदा पक्काच दोरा घालावा, दुहेरी. ओढू दे सगळ्यांसमोर, फुटू दे घाम... तिने दुहेरी दोरा ओवला. पहिला टाका घट्ट बसला, तेव्हा तिला फार बरं वाटलं.

आणि हात थांबला. तो नाही म्हणाला तेव्हा — खरं सांग — मला हायसं वाटलं होतं. खिडकीतला हा उजेड, हे मशीन, दुपारी दार लावलं की कुणाचीच कुणी नसण्याचा हा तास... तो वाईट झाला माझ्या खोलीसाठी. तोंड त्याचं, नकार माझा.

झगा एका टाक्यावर लोंबत होता. तो उसवावा की पुढे शिवावं, तिला कळेना. सवयीने ती कडी लावायला उठली. कडीला हात लागला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण दुसऱ्या कुणाच्या तरी दाराशी उभ्या आहोत.