डांबराच्या गोळ्या

“बाबा, आईच्या पेटीत काय शोधताय?”

लेकीचा आवाज आला तसा ड्रायव्हरने हात झटकन बाहेर काढला. मुठीत डांबराच्या गोळ्या होत्या आणि चेहरा साखर चोरताना सापडलेल्या पोरासारखा झाला होता.

“गाडीला हव्यात.”

“गाडीला? गाडीत काय लोकरीचे कपडे ठेवलेत?”

“पेट्रोलमध्ये टाकायच्यात. पिकअप वाढतो म्हणे. स्टँडवर सगळेच सांगतात.”

“स्टँडवरचे उद्या टाकीत साखर घाला म्हणतील, तीही घालाल! साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही उगीच नाही. कपड्यांना कसर लागेल ना, बाबा.”

“नव्या आणून टाकतो की. दुकानात काय तोटा आहे?”

एवढं बोलून तो बाहेर पडलासुद्धा. बसणं त्याला कधी जमलंच नव्हतं. बायको म्हणायची, “भिंगरी तुमच्या पायाला, आणि गरगरतं माझं डोकं.” ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं. मागे राहिली एक शाल आणि त्याच्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर. एक बाही व्हायची होती. लेकीने तो सुयांसकट घडी करून पेटीत ठेवला होता. तेव्हापासून घरात पाच मिनिटं बसलं की त्याला गुदमरल्यासारखं व्हायचं.

सुटका एकच होती. रोज सकाळी टेकडीवरच्या हॉस्पिटलात नर्सेसना सोडायचं आणि ड्यूटी सुटली की खाली आणायचं. मधल्या वेळात गाडी पुसायची, पुसलेली पुन्हा पुसायची. पण गाडी म्हातारी झाली होती. शेवटच्या वळणावर तिला धाप लागायची. दोनदा तर नर्सेसनी उतरून ढकलली. मोठ्या सिस्टरांनी मग स्पष्टच सांगितलं, “काका, राग मानू नका. पण पुन्हा ढकलायची वेळ आली तर आम्हाला दुसरी गाडी बघावी लागेल.”

दुसरी गाडी म्हणजे त्याने दिवसभर घरी बसायचं. मरणाची त्याला एवढी भीती वाटत नव्हती.

मेकॅनिक त्याचा जुना दोस्त. त्याने बॉनेट उघडून एकदाच ऐकलं आणि म्हणाला, “इंजिनकाम काढ. महिनाभर गाडी इथे सोड.”

“महिनाभर? आणि मी काय करू?”

“बस जरा घरी. आराम कर.”

हे सोडून दुसरं काहीही करायला तो तयार होता. मग सुरू झाले रोग रेड्याला नि औषध पखालीला असले उपाय. दुकानात ताकद वाढवणाऱ्या बाटल्या मिळायच्या, त्या सगळ्या ओतून झाल्या. एकीवर उधळलेल्या घोड्याचं चित्र होतं. गाडी मात्र गाढवासारखी वळणावर अडून राहायची ती राहायचीच. रंगाऱ्याकडचं थिनर झालं. आता गोळ्यांची पाळी होती.

आणि काय सांगावं, दुसऱ्या दिवशी गाडी चढली! गोळ्यांनी म्हणा, नाहीतर मेकॅनिकने आदल्या दिवशी प्लग साफ केले होते त्याने म्हणा, शेवटचं वळण तिने धाप न लागता घेतलं. ड्रायव्हर मोठ्याने हसला.

मागे बसलेली नर्स नाक मुरडत म्हणाली, “काका, जुनं कपाट उघडल्यासारखा वास येतोय.”

“येणारच. घरचं औषध आहे.”

त्या वासाने त्याला फार बरं वाटलं. जणू बायकोच शेजारी बसली होती, गाडी हळू चालवा म्हणत. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

पेटीतल्या गोळ्या संपल्या. नव्या तो आणायचा, नाही असं नाही. पण दुकानापासून घरापर्यंतच्या वाटेत गाडीची टाकी लागायची. पेटीपर्यंत एकही पोचली नाही.

मग थंडी पडली. एका सकाळी टेकडीच्या अर्ध्या चढावरच गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. त्याने स्टार्टर मारला, पुन्हा मारला, बॉनेट उघडलं, आपटलं. मोठ्या सिस्टर काही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“राहू द्या, काका. आम्ही जातो चालत. उद्यापासून येऊ नका, आराम करा.”

पांढऱ्या कपड्यांतल्या बायका पिशव्या सावरत वर गेल्या. त्याने गाडी न्यूट्रलवर टाकली आणि उतारावरून गॅरेजपर्यंत आणली.

मेकॅनिकने फिल्टर खोलला. आत पांढऱ्या खड्यांचा थर साचला होता. त्याने वास घेतला.

“अरे, हे कपड्यांचं औषध. गाडीला कुणी देतं का? थंडीत बसलंय बघ गोठून.” तो पोकरच्या टोकाने थर खरवडू लागला. “आता तरी सोड गाडी इथे.”

“सोडतो,” ड्रायव्हर म्हणाला. “ते फेकू नकोस. कागदात बांधून दे.”

घरी आला तर लेक जमिनीवर बसली होती. पेटी उघडी, मांडीवर स्वेटर. डोळे लाल झाले होते.

“बघा,” एवढंच ती म्हणाली.

छातीवर, खांद्यावर, झालेल्या एका बाहीवर, जिथे बघावं तिथे कसरीने भोकं पाडली होती. त्याने एका भोकात बोट घातलं. ते आरपार गेलं. वर्षभर जे आलं नव्हतं ते रडू त्याला तेव्हा आलं.

बऱ्याच वेळाने त्याने खिशातून पुडी काढली. पेटीच्या तळाशी कागद अंथरून त्यावर पांढरे खडे पसरले, वर शाल ठेवली, आणि स्वेटर घडी करून त्यावर ठेवला. सुया त्याच्या पोटात सरळ करून खोचल्या.

“बाबा, याला पेट्रोलचा वास मारतोय.”

“असू दे. तिला सवय होती त्याची.”

त्याने पेटी लावली आणि तिला टेकून तिथेच जमिनीवर बसला. लेकीने चहा आणून ठेवला, तो गार झाला, तरी तो उठला नाही.