दातवालीच्या खिडकीला पडदा

आमच्या गल्लीच्या टोकाला दातवाली राहायची. तिच्या खिडकीत ओळीने जबडे मांडलेले असत. ते प्लॅस्टरचे होते, पण प्लॅस्टर ओळखायला अक्कल लागते आणि ती आम्हा पोरांकडे नव्हती. ती मुलांना पकडून दात उपटते, असं आमचं ठाम मत होतं. ती खिडकीशी आली की "आली, आली!" ओरडत आम्ही धूम ठोकायचो. सगळ्यांत मोठा आवाज माझा.

पुढे कळलं, बाई कवळ्या बनवतात. भीती गेली. पण गोष्ट इतकी झकास होती की टाकवेना. बहिणीची मुलगी दात घासायला कुरकुरू लागली तेव्हा मी ती तिला मीठमसाला लावून सांगितली. लगेच लागू पडली.

मग पंचविसाव्या वर्षी मी शहाणपणा केला. हॉटेलात आलेल्या पाहुण्यांचं हसून स्वागत करायची नोकरी, तिची मुलाखत चार दिवसांवर, आणि मी बाटलीचं झाकण दाताने उघडायला गेलो. झाकण जागचं हललं नाही. समोरचा दात मात्र अर्धा गेला.

दाताचे डॉक्टर म्हणाले, "दात तुमच्या गल्लीतल्या त्या बाईच बनवतात. रंग जुळवायला स्वतः जाऊन या."

गेलो. भर दुपारी पडदा ओढलेला, आत दिवा लावलेला. बाईंनी नमुन्याच्या दातांची पट्टी माझ्या ओठांशी धरली आणि डोळे बारीक केले.

"इथे नाही कळायचं. गच्चीवर चल. रंगाला दिवसाचा उजेड लागतो."

"मग पडदा उघडा ना, काकू."

"पोरं घाबरतात रे. मागे एक पळताना पडली, हनुवटी फुटली बिचारीची. तेव्हा लावला पडदा. आता दर दाताला दोन जिने चढते. गुडघे बोलायला लागलेत, पण चालायचंच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठून पडदा सर्रकन बाजूला केला. बाहेर भाची आणि तिची टोळी उभी होती.

"आली, आली! मामाला धरलंय!"

काकूंचा हात पडद्याकडे गेला. मी तडक बाहेर जाऊन भाचीला आत आणलं. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी राहिली. पण पट्टी दिसली आणि हात हळूहळू खाली आले.

"हा नको, फारच पांढरा आहे. मामाचे पिवळे आहेत. तो घ्या, कडेचा."

काकूंनी तो दात उजेडात धरला. "अगदी बरोबर! नजर आहे हो पोरीला."

"हे कुणाचे उपटलेत?"

"कुणाचेच नाहीत, बाळा. मी घडवते. उपटते असं कोण म्हणालं तुला?"

भाचीने माझ्याकडे बघितलं. मुलाखतीत काय विचारतील याची मी दिवसरात्र तयारी करत होतो, या प्रश्नाची नव्हती केली.

"मीच सांगितलं, काकू," मी म्हणालो. "आणि लहानपणी खिडकीखाली ओरडायचो, तोही मीच."

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "आवाज ओळखते मी तुझा. आता तोंड उघड, उजेड आहे तोवर."