जागच्या जागी उडणारे विमान

मित्रांनो, मी एक जुने, कधीही न उडालेले विमान आहे. लाकडी धड, आखूड पंख आणि पोटाखाली हवेचे चार भाते. भाते फुगले-मिटले की मी जागच्या जागी कलते. झाकण लावल्यावर आत बसलेल्याला बाहेरचे काही दिसत नाही. ढगात केवळ समोरच्या तबकड्यांमधल्या काट्यांवर विश्वास ठेवावा, हे शिकवण्यासाठी मला घडवले.

महायुद्धानंतर मी मांडव्याजवळच्या एका लहानशा वैमानिक शाळेत आले. १९५६ साली तिथे मिठागरात राबणाऱ्या ठमाबाईंचा धर्मा शिकायला आला. परवाना मिळाला की आईचे खारट पाण्याने चिरलेले पाय मिठाच्या वाफ्यातून कायमचे बाहेर काढायचे, एवढेच त्याच्या मनात होते.

तो माझ्यात अनवाणी बसे. वाफ्याचा तळ सपाट आहे की नाही, हे त्यांच्या घरी तळपायांनी ओळखत. मी तसूभर कलले तरी त्याला कळे. काट्यांकडे तो बघतही नसे.

हे चुकीचे होते. पण शिकवणाऱ्या सबनीससाहेबांना गंमत वाटली. पाहुणे आले की ते काटे टोपीने झाकत.

"काय मीठवाले, आज पायांनीच उडणार?"

"सायब, काट्यांना गंज लागतो. माज्या पायांना मीठ मुरलाय."

पाहुणे हसत. मलाही अभिमान वाटे.

मी जमिनीला खिळलेले आहे. कलले की माणसाचे वजन एका बाजूला जाते. खरे विमान वळताना वजन आसनातच दाबले जाते आणि पायांना सारे सपाट भासते. हे साहेबांना ठाऊक होते. त्यांनी ते सांगितले नाही.

परीक्षेच्या दिवशी धर्मा एकटा उडाला. परतताना समुद्रावरून ढग आले. माझ्या शेजारच्या रेडिओवर त्याचा आवाज ऐकू आला.

"सायब, काटा बिघरलाय. तो सांगतो, मी कललोय."

"काट्याचं ऐक, धर्मा."

"पायांखाली सगला सपाट हाय, सायब."

मग नुसती खरखर.

चौथ्या दिवशी ठमाबाई आल्या. माझ्या पंखावर हात ठेवून त्यांनी विचारले, "हितं कवा चुकला का त्यो?"

"कधीच नाही," साहेब म्हणाले.

"हुशारच व्हता," असे म्हणून त्या मिठागराकडे परत गेल्या.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, मला रंगवू नका. माझ्यात कुणाला बसवाल तेव्हा मला काय जमत नाही, ते त्याला आधी सांगा.