आईकडे तोंड केलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, नाटकाचाही नव्हे. काचेचा, विजेवर चालणारा, एका प्रसूतिगृहातला. आता माझ्या उजव्या कडेला तीन उभ्या रेषा पडल्या आहेत आणि अंगावर जुन्या केसपेपरांचा गठ्ठा आहे. पण एके काळी बायका माझ्याकडे बघून हसायच्या.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते मला सांगता येणार नाही. शाहूपुरीतलं दुकान मात्र लख्ख आठवतं. माझ्याबरोबरचे पडदे कुणी बँकेत गेले, एक तर बिद्रीला साखर कारखान्याच्या ऑफिसात गेला. मला डॉक्टर अनुजा घेऊन गेल्या. त्यांचं छोटं प्रसूतिगृह तिथून दोन गल्ल्या पलीकडे होतं.

तिथल्या सोनोग्राफीच्या खोलीत एक पडदा आधीच होता. त्याचं तोंड डॉक्टरांकडे असे, आणि आई बिचारी छताकडे बघत पडून राही. मला डॉक्टरांनी चाकांच्या स्टँडवर बसवलं आणि माझं तोंड आईकडे केलं.

त्याचं कारण सांगतो. त्या म्हणायच्या, बाळंतपणात 'जोर लाव' म्हटलं की आपल्याकडच्या बायका श्वास कोंडतात, दात आवळतात आणि सगळं अंग आत ओढून घेतात. वैरणीचा भारा उचलताना घेतात ना, तसं. मग बाळाची वाट उघडायच्या ऐवजी मिटते. हे सांगून समजत नाही, कारण ते स्नायू कुणालाच दिसत नाहीत. म्हणून दिवस भरत आले की त्या सोनोग्राफी लावून आईला तिचे स्वतःचेच स्नायू माझ्यावर दाखवायच्या. काय केलं की वाट मिटते, काय केलं की उघडते, ते आईनं डोळ्यांनी बघायचं आणि शिकायचं. त्याला बायोफीडबॅक असं मोठं नाव होतं. बायका म्हणायच्या, टीव्हीची शिकवणी.

सहा वर्षं मी ते काम केलं. किती जणी आल्या, गणती नाही. पुढे पेढे घेऊन यायच्या आणि डॉक्टरांच्या आधी मला नमस्कार करायच्या. मला फार संकोच वाटायचा.

त्यातली एक महादेवी. गडहिंग्लजच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून तिचं गाव. लग्नाला सात वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते. थोरल्या बहिणीचं बाळंतपण दीड दिवस अडलेलं तिनं दाराआडून ऐकलं होतं. त्यामुळे बाळ हवं होतं आणि बाळंतपणाच्या नावानं मात्र हातपाय गार पडत होते. बरोबर सासू असे. त्यांच्याकडे सासूला अत्ती म्हणतात. या अत्तींची जीभ मोठी धारदार. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "एवढा मोठा पडदा लावलाय, म्हंजे पोरगा का पोरगी ते बी कळंल की."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही.

"वाचाय येतंय मला," अत्ती म्हणाल्या. "इचारून बघितलं."

मग डॉक्टरांनी महादेवीला जोर लावायला सांगितलं. तिनं गाल फुगवले, मुठी आवळल्या. माझ्यावर स्नायूंचा पांढुरका पट्टा दिसत होता, तो चंचीच्या तोंडासारखा आवळला आणि बाळाचं डोकं खाली यायच्या ऐवजी वर सरकलं.

"अगं," डॉक्टर म्हणाल्या, "दार लावून घेतलंस आणि पावण्याला हाका मारतीस होय?"

अत्तींना इतकं हसू आलं की त्या खुर्चीवरून उठून बाहेर गेल्या. डॉक्टरांनी महादेवीला सांगितलं, लांब श्वास सोड, खांदे सोड, जबडा सोड, आणि ह्या पट्ट्याकडे बघत खालून सोड. चार वेळा काही झालं नाही. पाचव्या वेळी पट्टा सैल पडला. बाळाचं डोकं गव्हाच्या दाण्याएवढं खाली उतरलं.

महादेवी माझ्याकडे टक लावून बघत होती. "मी केलं व्हय हे?" तिनं विचारलं.

त्या दिवसापासून बाळाचं नाव पावणं पडलं. अत्तीसुद्धा घरून निघताना विचारायच्या म्हणे, पावण्यानं काय खाल्लं. दर खेपेला शिकवणीआधी डॉक्टर बाळाचं हृदय दाखवायच्या. छातीच्या मध्यावर लिंबाएवढंही नसलेलं काहीतरी लुकलुकत असे. महादेवी पहिल्यांदा तिथेच बघायला शिकली. तिसऱ्या खेपेला तर डॉक्टरांनी सांगायच्या आत तीच बोट दाखवून सांगू लागली, हे डोकं, ही पाठ, ही मूठ. भीती गेली होती. आता होऊ दे की एकदा, असं ती म्हणू लागली होती.

चौथ्या खेपेला ती ठरलेल्या दिवसाआधीच आली. पहिल्या गाडीनं. काल संध्याकाळपासून पावणं गप हाय, एवढंच तिनं सांगितलं.

डॉक्टरांनी जेल लावलं. माझ्यावर सगळं उमटलं. डोकं होतं, पाठीचा कणा होता, गालाला टेकलेली मूठ होती. मध्यावर लुकलुक नव्हती.

मित्रांनो, दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात ते आधी डॉक्टरांनी बघितलं असतं. त्यांनी चष्मा पुसला असता, पाणी प्यायलं असतं, मग शब्द जुळवून सांगितलं असतं. इथे मी होतो. मी तिला बघायला शिकवलं होतं, आणि तिनंच आधी बघितलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ते हालत न्हाय."

डॉक्टरांचा हात माझ्या बटणाकडे आला. महादेवी म्हणाली, असू दे. आणि बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली. मला काही बदलता येत नव्हतं. जे आहे ते दाखवणं, एवढंच माझ्या हातात होतं.

औषध देऊन कळा आणाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मलाही ढकलत प्रसूतीच्या खोलीत नेलं, कारण वाट उघडत नव्हती. महादेवीनं सगळं अंग आवळून धरलं होतं. जीव गेलेलं बाळ फार वेळ आत राहणं तिच्या जिवाला बरं नव्हतं. ताप चढू लागला होता. डॉक्टरांनी विचारलं, पडदा लावू का, बघून सोडशील? तिनं नको म्हणून मान हलवली. म्हणून मी काळाच राहिलो. त्या काळ्या काचेत महादेवी, डॉक्टर आणि अत्ती, या तिघींची प्रतिबिंबं तेवढी पडली होती.

"सोड, महादेवी. तुला येतं ते," डॉक्टर म्हणाल्या.

"सोडलं की संपलं की. आत हाय तवर माझं हाय."

कळ आली, ती तिनं दात आवळून परतवली. पुन्हा आली, पुन्हा परतवली. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या अत्ती तेव्हा पुढे आल्या. लुगड्याचा पदर त्यांनी कमरेला खोचला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून दोन्ही हात पुढे केले.

"तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक असंच झालतं," त्या म्हणाल्या. "मला दाखवलं न्हाय कुणी. फडक्यात गुंडाळून न्हेलं. चाळीस वर्सं झाली, तोंड कसं हुतं म्हाईत न्हाय मला. हे मी न्हेऊ देत न्हाय कुणाला. तुला बघाय मिळंल. माझ्या हातावर दे."

महादेवीनं सासूकडे बघितलं. तिचा जबडा सैल झाला. मग खांदे. मग एक लांब श्वास बाहेर आला.

बाळ अत्तींच्या हातावर आलं. नाळेला एक घट्ट गाठ पडली होती. यात कुणाचीच चूक नाही, असं डॉक्टर तीन-तीनदा सांगत होत्या. अत्तींनी बाळाला पुसलं, दुपट्यात घेतलं आणि महादेवीच्या छातीवर ठेवलं. मुलगा की मुलगी, हे त्या खोलीत कुणीच विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत दोघी त्या बाळाकडे बघत बसल्या होत्या.

त्यानंतर डॉक्टरांनी माझं तोंड कुठल्याच आईकडे केलं नाही. महिन्याभरानं त्यांनी स्वतःच माझी वायर गुंडाळली आणि मला अडगळीच्या खोलीत ठेवलं. मोडकी खुर्ची, सलाईनचे स्टँड, केसपेपर आणि मी. मला राग आला नाही. पण शिकवणी बंद झाली याचं वाईट वाटलं. बाहेरून 'जोर लाव, जोर लाव' असं ऐकू आलं की वाटायचं, तिला कुणीतरी दाखवा रे.

चार वर्षं गेली. मागच्या मार्गशीर्षात त्या खोलीचं दार उघडलं आणि डॉक्टरांच्या मागून महादेवी आत आली. एकटीच. तिनं केसपेपर बाजूला केले, पदरानं माझी काच पुसली आणि विचारलं, ह्यात अजून दिसंल का?

डॉक्टरांनी तिला समजावलं. पडद्यात काही साठत नाही, बंद केला की चित्र गेलं. ते मशीनही आता बदललं. महादेवी मान डोलावत होती, पण हात काचेवरून काढत नव्हती.

"अत्ती गेल्या," ती म्हणाली. "आषाढात. त्या हुत्या तवर आम्ही दोघी बोलत हुतो. भाकरी करताना, रानात तण भांगलताना. आता घरात कुणी नाव काढत न्हाय. मी काढलं तर उठून जात्यात. बघितलेलं कुणी ऱ्हायलंच न्हाय, डॉक्टर. म्हणून हेच्याकडं आलो."

डॉक्टर दाराशी उभ्या होत्या. बाहेर रांग लागली होती, सिस्टर दोनदा हाक मारून गेली. त्या आत आल्या आणि त्या धुळीत, माझ्याशेजारी, खाली फरशीवर बसल्या.

"मी बघितलंय की," त्या म्हणाल्या. "केस किती दाट होते."

"कानापर्यंत," महादेवी म्हणाली.

"डाव्या कानाची पाळी दुमडलेली."

"व्हय," महादेवी म्हणाली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा, मला वाटतं, ती मोठ्यानं रडली.

मित्रांनो, माझ्यात चित्र टिकत नाही, हे खरं आहे. तेवढ्यासाठी देवानं माणसं केली आहेत. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत एखादी काकी, आत्या, मावशी अशी असेल, जी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आली. लोक तिला सांगतात, झालं गेलं विसर. तुम्ही तसं म्हणू नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा, बाळ कसं होतं गं दिसायला? ती आधी गप्प राहील. मग सांगू लागेल. खूप वेळ सांगेल. मध्येच उठू नका.